चार, अंकी व अक्षरी

आठ वर्षांत त्या चौघांचे एकेचाळीस देश खाऊन झाले होते. पासपोर्ट मात्र चौघांत एकच होता, डॉक्टरांचा, आणि त्याची मुदत संपून जमाना झाला होता.

सुरुवात फ्रेंचच्या वर्गात झाली. संध्याकाळचा वर्ग, बावीस जणांनी नाव घातलेलं. तिसऱ्या महिन्यात चौघं उरले. मग शिकवणाऱ्या बाईंनीच दुसरी नोकरी धरली. शेवटच्या दिवशी हे चौघं कोपऱ्यावरच्या फ्रेंच म्हणवणाऱ्या हॉटेलात जेवायला गेले, कांद्याचं सूप मागवलं, आणि तीन महिन्यांत शिकलेलं सगळं फ्रेंच एका मेनूकार्डात मावतं हे त्यांच्या लक्षात आलं. त्या दिवशी इतकं हसले की पुढच्या वेळेला इटालियन खायचं तिथंच ठरलं. मग कोरियन, मग इथिओपियन. दर दुसऱ्या महिन्याचा पहिला शनिवार, दुपारी साडेबारा.

चौघांत एक दंतवैद्य होत्या, त्यांना सगळे 'डॉक्टर' म्हणत. चिकट पदार्थ आला की त्या शेजारच्या टेबलांकडे गिऱ्हाईक म्हणून बघत. एक निवृत्त मास्तर होते, भूमितीचे. त्यांनी आयुष्यात कुठल्याही पदार्थाला आठाच्या वर गुण दिले नव्हते. "दहा देवाला, नऊ माझ्या आईला, उरलेले तुमच्यात वाटतो," असं ते प्रत्येक वेळी म्हणत, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी त्यांना "हो, माहीत आहे" म्हणे. तिसरा कोर्टातला दुभाषी. दुसऱ्याचं बोलणं तिसऱ्याला सांगण्यात उमेद गेली म्हणून स्वतःचं काहीतरी असावं, यासाठी तो संध्याकाळच्या पेपरात 'चौघांचं ताट' नावाचं छोटं सदर लिही. आणि चौथी बाई. वजनमापं खात्यात निरीक्षक. दुकानांचे काटे, पेट्रोलपंपांची मापं तपासण्यात तिची सत्तावीस वर्षं गेली होती. तिने कुणाला सोडलं अशी अफवासुद्धा कधी उठली नव्हती.

मंडळाचे नियम अर्थातच बाईने केले होते. प्रत्येकाने एक पदार्थ मागवायचा आणि सगळ्यांनी सगळं चाखायचं. जेवण झालं की प्रत्येकाने चिठ्ठीवर दहापैकी एक आकडा लिहायचा, सही करायची नाही, चिठ्ठी घडी करून रिकाम्या वाटीत टाकायची. मग आचाऱ्याला बाहेर बोलवायचं आणि त्याच्यादेखत चिठ्ठ्या वाचायच्या. "पाठीमागे मार्क द्यायला आपण काय सासू आहोत?" असं ती म्हणाली होती. सरासरी पेपरात येई. बऱ्याच हॉटेलांनी ते कात्रण काचेच्या फ्रेमीत घालून गल्ल्यामागे लावलं होतं. दोघातिघांनी शिव्याही घातल्या होत्या.

आणि शेवटचा नियम: मंडळातल्या कुणाच्या नातेवाइकाचं हॉटेल घ्यायचं नाही. हा तीन वर्षांपूर्वी आला. डॉक्टरांच्या भाच्याने नूडल्सचं दुकान काढलं होतं, आणि डॉक्टरांनी मोठ्या हौसेने ते सुचवलं होतं. "आपण मार्क देतो, आहेर नाही," बाई म्हणाली. डॉक्टर तेव्हा हसल्या. भाच्याचं दुकान वर्षभरात बंद पडलं. त्या विषयावर नंतर कुणी बोललं नाही.

बेचाळिसावा देश जॉर्जिया. हॉटेलचं पत्रक दुभाष्याच्या हाती लागलं आणि त्याने उत्साहाने सगळ्यांना फोन केले. बाईने फोनवर "बरं" म्हटलं आणि रिसीव्हर ठेवल्यावर बराच वेळ हात त्याच्यावरच राहू दिला.

ते हॉटेल तिच्या धाकट्या भावाचं होतं.

गुंड्या तिच्याहून नऊ वर्षांनी लहान. आई दिवसभर शिवणकामाला जाई, तेव्हा त्याला वाढवलं हिनेच. वाढवलं म्हणजे काय, तपासलं. अंथरुणाची घडी, धुतलेली भांडी, शुद्धलेखन. प्रत्येकाला गुण, आणि ते स्वयंपाकघराच्या दारावर खडूने लिहिलेले. सातच्या पुढे तो कधी गेला नाही. एकोणिसाव्या वर्षी मालवाहू जहाजावर आचाऱ्याच्या हाताखाली लागला तो गेलाच. मग जॉर्जियात, काळ्या समुद्राच्या काठी, सहा वर्षं एका म्हातारीच्या खानावळीत राबला. आई गेली तेव्हा त्याला येता आलं नाही. गेल्या वर्षी बायकोला घेऊन परत आला आणि धुलाईचं बंद पडलेलं दुकान घेऊन त्यात नऊ टेबलं मांडली. बाई आठ महिन्यांत तिथं एकदाही गेली नव्हती. तो दोनदा घरी येऊन चहा पिऊन गेला. दोन्ही वेळा जाताना म्हणाला, "ये ना एकदा." दोन्ही वेळा ती म्हणाली, "बघते, कामं आहेत."

कामं नव्हती. गेली तर खावं लागेल, खाल्लं तर मत द्यावं लागेल, आणि मत कमी पडलं तर ते तिच्या तोंडून खोटं निघणार नाही, ही भीती होती. त्याच्याशिवाय तिचं असं दुसरं माणूस उरलं नव्हतं.

बुधवारी तिने त्याला फोन केला.

"शनिवारी येतोय आम्ही. चौघं."

"पेपरवाले? तुझं मंडळ?" त्याचा आवाज एकदम उजळला. "अगं ताई, मग सांगायचं नाही का आधी! मी म्हणजे—"

"आधीच सांगतेय. ऐक. तू माझा भाऊ आहेस हे त्यांना ठाऊक नाही. ठाऊक झालं तर येणारच नाहीत. नियम आहे."

"मग सांग की त्यांना."

"सांगितलं तर पेपरात येणार नाही. टेबलं भरतात का तुझी?"

मागे कुठेतरी पातेलं खरवडल्याचा आवाज येत होता.

"शनिवारी दुपारी तीन भरतात," तो म्हणाला. "कधी चार."

"म्हणूनच सांगते. मला ओळखायचं नाही. तुझ्या बायकोलाही सांग."

"बरं. आणि तू? तू पण मार्क देणार?"

"नाही दिले तर संशय येईल."

"मग खरे दे."

"म्हणजे?"

"म्हणजे वाटतील तेवढे. जास्त नकोत, कमी नकोत. पेपरचं जाऊ दे, ताई. इथं येणारे सगळे 'मस्त, मस्त' म्हणतात आणि परत येत नाहीत. नक्की कुठं चुकतंय, काय जमलंय, हे सांगणारं कुणी नाही. तुझी जीभ मला माहीत आहे. मला तुझा आकडा हवाय."

"देईन," ती म्हणाली. मनापासून म्हणाली.

शनिवारी ती सगळ्यांत आधी पोचली आणि रस्त्यापलीकडे उभी राहिली, म्हणजे चौघांबरोबर आत जाता येईल. बाकी तिघं डॉक्टरांच्या गाडीतून आले. जरा जास्तच हसत उतरले असं तिला वाटलं, पण शनिवार होता.

आत जुन्या दुकानाच्या खुणा होत्या. फरशीला मध्यभागी असलेल्या मोरीच्या जाळीकडे हलका उतार होता. त्यामुळे प्रत्येक टेबलाच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी. बाईने सवयीने टेबलावर तळहात टेकून बघितला. हललं नाही. पुठ्ठा नीट मोजून घातला होता. तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची धास्तीही वाटली.

भावजय पाणी घेऊन आली. "या. किती जण?" तिने बाईच्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडे बघत विचारलं.

"चार," दुभाषी म्हणाला. "मोजून घ्या, आमच्यात निरीक्षक आहेत."

भावजय हसली, जेवढं अनोळखी गिऱ्हाइकाला हसावं तेवढंच.

मागवायला दुभाष्याने तोंडपाठ करून आणलं होतं. मास्तरांसाठी खाचापुरी: होडीच्या आकाराचा पाव, मध्ये वितळलेलं चीज, वर कच्चं अंडं. डॉक्टरांसाठी वांग्याच्या तळलेल्या कापांत अक्रोडाचं वाटण गुंडाळलेल्या सुरळ्या. स्वतःसाठी लोबियो, म्हणजे मातीच्या भांड्यात शिजवलेला राजमा. आणि बाईच्या वाट्याला खिंकाली.

"हे नीट ऐका," तो म्हणाला. "पिठाच्या पुरचुंड्या असतात. आत मटण आणि रस्सा. वरची गाठ धरायची, उलटी करायची, बाजूने बारीक चावायचं, आधी रस्सा ओढायचा. काटा लावला की खलास. आणि गाठ खायची नाही, ताटात ठेवायची. किती खाल्ल्या ते गाठी मोजून कळतं."

"म्हणजे इथंही मोजणी," मास्तर म्हणाले. "बाई, तुमची सोय झाली."

पहिल्या खिंकालीचा रस्सा मास्तरांच्या शर्टावर गेला. खिशापासून पट्ट्यापर्यंत सरळ रेघ. "लंब टाकलात," दुभाषी म्हणाला. डॉक्टर इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. असं हसणंच या शनिवारांचं खरं कारण होतं, हे चौघांनाही ठाऊक होतं. कुणी बोलून दाखवत नसे.

बाईने गाठ धरली. चुण्या मोजल्या, एकोणीस. उलटी केली, चावली.

रस्सा कढत होता आणि त्यात मिरी, कोथिंबीर आणि आणखी काहीतरी होतं ज्याचं नाव तिला येत नव्हतं. पिठाचं आवरण पातळ होतं तरी फाटलं नाही. गाठीपाशी किंचित कच्चं, पण गाठ खायची नसतेच. तिने दुसरी घेतली. मग तिसरी. इतक्या वर्षांत एकेचाळीस देशांच्या टेबलांवर तिला असं कधी झालं नव्हतं: जेवताना आपण मोजतोय हे ती विसरली.

तो आता सातवर राहिला नव्हता. हे नऊचं होतं. खाचापुरीचा काठ कडक झाला होता, तिला सहा. वांगी आठ. राजमा सगळीकडे असतो तसा, सात. खिंकालीचं वजन जास्त धरलं तर सगळ्याचे मिळून आठ. मनातल्या मनात तिने आठ लिहून टाकले आणि तिला एकदम भरून आलं, म्हणून पाणी प्यायली.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीत गुंड्या दिसला. ताट बाहेर सरकवण्याआधी त्याने कडेचा डाग अंगठ्याने पुसला.

"बघ गं," डॉक्टर म्हणाल्या. "हा अगदी तुझ्यासारखा कड पुसतो."

बाईच्या हातातली गाठ ताटात पडली. "सगळेच पुसतात."

"आणि नाक बघ. मी दाताची डॉक्टर, पण नाकही बघते मी. तुझ्या ओळखीचा तर नाही ना कुणी?"

"माझ्या ओळखीचे सगळे दुकानदार मला बघून शटर ओढतात," बाई म्हणाली.

मास्तर आणि दुभाषी हसले. डॉक्टर हसल्या नाहीत. "बरं," म्हणाल्या, आणि वांग्याची सुरळी दोन तुकड्यांत कापत राहिल्या.

बाईने चिठ्ठी पुढ्यात ओढली तेव्हा आठाचा तिला आधार वाटेनासा झाला होता. डॉक्टरांना संशय आला होता. आज नाही तर उद्या कळणारच. मग पहिला प्रश्न हाच येईल की बहिणीने किती दिले. आठ? म्हणजे भाच्याला नियम आणि भावाला आहेर. गुंड्याचं कात्रणही मग फुकट, लोक म्हणतील घरचं कौतुक. सात दिले तरी तेच. सहावर कुणी विश्वास ठेवील, कुणी नाही.

मग तिने हिशोब मांडला. आठ वर्षांत बाकीच्यांचे चेहरे तिला वाचता येऊ लागले होते. मास्तर सात देणार, शर्ट खराब झाला तरी. दुभाषी सात. डॉक्टर आठ. बावीस झाले. आपण चार दिले तर सव्वीस, सरासरी साडेसहा. साडेसहा म्हणजे अब्रूदार. आणि चार म्हणजे कुणाला बोट दाखवायला जागा नाही. गुंड्याला नंतर एकांतात खरं सांगता येईल. चिठ्ठ्यांवर सही कुठं असते?

तिने आकडा लिहिला, घडी घातली, वाटीत टाकली.

आचाऱ्याला बोलावणं गेलं. गुंड्या हात पुसत आला आणि टेबलापासून दोन पावलांवर उभा राहिला. मागे भावजय, काखेत रिकामा ट्रे. दुभाष्याने घसा साफ केला. कोर्टातल्यासारखा तो प्रत्येक चिठ्ठी उलगडून आधी स्वतः वाची, मग मोठ्याने.

"नऊ."

गुंड्याने खाली बघितलं.

"नऊ."

मास्तर छताकडे बघत होते. डॉक्टर बाईकडे बघून बारीक हसत होत्या. उरलेल्या दोनांत एक आपली, एक मास्तरांची, आणि मास्तर नऊ देत नाहीत, म्हणजे आता सात येणार, असा विचार बाईने केला.

"नऊ," दुभाषी म्हणाला.

तेव्हा तिच्या लक्षात आलं. पण चौथी चिठ्ठी उलगडून झाली होती. दुभाष्याने ती वाचली आणि वाचून तसाच राहिला.

"वाचा की," मास्तर म्हणाले.

"चार." मग, सवयीमुळे असेल, जे लिहिलं होतं ते त्याने पूर्ण वाचलं. "चार. अंकी आणि अक्षरी."

सत्तावीस वर्षं बाई प्रत्येक आकडा असाच लिहीत आली होती, पुढे कंसात अक्षरात. सरकारी कागदावर कुणाला खाडाखोड करता येऊ नये म्हणून. सहीची गरज नव्हती.

"काय केलंस हे?" डॉक्टर म्हणाल्या. "अगं, काय केलंस तू?"

"मार्क दिले."

"भाऊ आहे ना तुझा?"

बाईने ताटातल्या गाठी एका रांगेत लावायला घेतल्या.

"मला तीन आठवड्यांपूर्वीच कळलंय. दाढ घेऊन आला होता माझ्याकडे. फॉर्मवर रकाना असतो, तातडीच्या वेळी कुणाला कळवायचं. बायकोचा नंबर लिहील की नाही माणूस? याने तुझा लिहिला होता, पुढे 'बहीण', आणि पत्ता या हॉटेलचा. मी तो नंबर बघून चाट पडले. म्हटलं, सांगेल ही. आज सांगेल, उद्या सांगेल. आत्ता जेवताना मी तुला वाट करून दिली. नाक म्हटलं, ताटाची कड म्हटलं. आणि तू शटरचे विनोद करतेस!"

"डॉक्टर, जाऊ द्या," मास्तर म्हणाले.

"का जाऊ द्या? आम्ही तिघांनी गाडीत ठरवलं, नऊ-नऊ द्यायचे. हिचा एकुलता एक भाऊ, ही तोंडाने कधी मागायची नाही, आपणच देऊ. मास्तरांनीसुद्धा कबूल केलं. मास्तरांनी! आणि हिने काय केलं, तर चार."

हे सगळं गुंड्यासमोर चाललं होतं. डॉक्टरांना ते उशिरा लक्षात आलं. त्यांनी ओठ मिटले, पण लपवायला काही शिल्लक नव्हतं.

"गाडीत ठरवलं," गुंड्या म्हणाला.

मास्तर रुमाल काढून शर्टावरचा डाग पुसू लागले.

"म्हणजे जेवायच्या आधी."

"तसं नाही," दुभाषी म्हणाला, "जेवण चांगलंच होतं, म्हणजे आम्हाला आवडलंच. सरासरी पावणेआठ येते. पावणेआठ उत्तम आहे. आजवर फक्त पाच जणांना—"

"नको. पेपरात काही देऊ नका, साहेब." गुंड्याने वाटीतल्या चिठ्ठ्या उचलल्या, चारही, एकावर एक ठेवल्या आणि हातात धरून त्यांच्याकडे बघत राहिला. मग बहिणीकडे वळला. "ताई, हे चार कशाचे?"

"गुंड्या, मी तुला नंतर सांगणार होते."

"खिंकालीचे का? पावाचे? कशाचे चार? पावाचा काठ कडक झालाय, ते कळतंय मला. पण चार म्हणजे सगळंच वाईट."

"वाईट नव्हतं."

"मग?"

"लोक म्हणाले असते, बहिणीने दिले." हे वाक्य तिने मनात कितीतरी वेळा बोलून बघितलं होतं, तिथं ते ठीक वाटलं होतं.

तो हसला. लहानपणी दारावरचा आकडा वाचून हसायचा तसा, एका बाजूने.

"दोन दिवस झोपलो नाही मी," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "तुला सांगितलं होतं, खरे दे. यांनी तुझ्यासाठी दिले. तू लोकांसाठी दिलेस. जेवणाला कुणी दिले?"

"चांगलं होतं रे," ती म्हणाली. "आठ. मी मनात आठ दिले होते."

"आता तू दहा म्हणालीस तरी मी काय करू त्याचं?"

तो आत गेला. भावजय ट्रे घेऊन पुढे आली आणि ताटं उचलू लागली. बाईच्या ताटात सहा गाठी होत्या, सगळ्यांत जास्त. भावजयीने त्या बाकीच्या खरकट्यात ओतल्या.

बाहेर फुटपाथवर मास्तर शर्टावरचा डाग रुमालाने पुसत उभे होते. वाळला होता, निघत नव्हता. दुभाषी म्हणाला की त्याला एक निरोप द्यायचाय, तो चालत जाईल. डॉक्टरांनी गाडीचं दार उघडलं आणि मग बंद करून परत आल्या.

"माझ्या भाच्याच्या वेळी तू काय म्हणाली होतीस, आठवतं? त्याचं दुकान वाचलं असतं की नाही, मला माहीत नाही. नसतंही वाचलं. नूडल्सचा गिचका करायचा तो. पण मी तेव्हा घरी जाऊन ताईला सांगितलं, आमच्या मंडळाला नियम आहे. मान वर करून सांगितलं. ताई अजून माझ्याशी नीट बोलत नाही." त्यांनी चष्मा काढला, परत घातला. "आणि तू नियम मोडून भावाकडे आणलंस आम्हाला, आणि वर त्याला नापासही केलंस. दोन्ही. एक तरी धड करायचं होतंस."

"मी त्याच्यासाठीच आणलं."

"माहीत आहे. म्हणून तर नऊ दिले."

मास्तर गाडीत बसताना एवढंच म्हणाले, "बाई, मी आठ वर्षांत पहिल्यांदा खोटं बोललो. तेही लाल शाईतच लिहायला हवं होतं." त्यांना ते विनोद म्हणून म्हणायचं असावं.

पेपरात सदर आलं नाही. दोन आठवड्यांनी दुभाष्याने फोन केला, सदराची जागा संपादकांनी शब्दकोड्याला दिली असं सांगितलं, आणि त्रेचाळिसाव्या देशाचं नाव काढलं नाही. बाईनेही विचारलं नाही. डॉक्टरांना तिने दोनदा फोन केला. दोन्ही वेळा दवाखान्यातल्या मुलीने घेतला आणि डॉक्टर पेशंट बघताहेत म्हणाली. ते खरंही असेल.

तीन आठवडे बाई नेमाने कामावर गेली. एका भाजीवाल्याचा काटा चाळीस ग्रॅम खोटा निघाला, त्याला दंड केला. तो म्हणाला, "बाई, घरी तरी सुखाने जेवता का हो तुम्ही?" असलं तिने हजार वेळा ऐकलं होतं. या वेळी पावती फाडताना तिचा हात थांबला, आणि मग तिने ती फाडून दिली.

त्याच दिवशी ऑफिसातून सुटल्यावर ती सरळ हॉटेलात गेली. साडेसहा वाजले होते. नऊपैकी दोन टेबलांवर माणसं होती. तिने खिडकीजवळचं टेबल घेतलं. काय बोलायचं ते तिने वाटेत जुळवून ठेवलं होतं, आणि या वेळी त्यात लोक नव्हते, मंडळ नव्हतं. पावाच्या काठावर भट्टीतून काढल्या काढल्या लोण्याचा हात फिरव. राजम्यात मीठ शेवटी घाल. वांग्यातलं वाटण जरा सैल हवं. आणि खिंकालीला हात लावू नकोस. ती आहे तशीच राहू दे, तिच्यासाठी लोक रस्ता ओलांडून येतील. हे एकेक करून सांगायचं, आकडा न सांगता.

गुंड्या स्वतःच आला. हातात मेनूकार्ड. तिच्यासमोर ठेवलं आणि उभा राहिला.

"बस ना," ती म्हणाली.

"गिऱ्हाईक आहेत." दोन्ही टेबलांची माणसं जेवून उठायच्या बेतात होती.

"मला खिंकाली दे. सहा. आणि मग मला बोलायचंय तुझ्याशी. खरं बोलायचंय."

"खिंकाली नाही."

"संपली?"

"बंद केली." त्याने मेनूकार्ड उघडून दाखवलं. ओळीवर पट्टी धरून काट मारली होती, एकच, सरळ. "दोन दिवसांचं काम असतं, ताई. हाडं उकळा, पीठ मुरवा, एकेक चुणी घाला. चार मार्कांसाठी कोण करतो? काहीतरी कमी करायचंच होतं, म्हटलं ज्याला जास्त मेहनत तेच कमी करू. म्हातारीची भांडी होती, तीही काल दिली एकाला."

बाई कार्डावरच्या त्या ओळीकडे बघत राहिली.

"अरे, तीच तर," ती म्हणाली. "तुझ्या सगळ्यात तीच चांगली होती. तेच एक नऊचं होतं."

गुंड्या काही क्षण तिच्याकडे बघत राहिला. रागाने नव्हे; एखादा उशिरा पोचलेला कागद माणूस जसा वाचून बाजूला ठेवतो, तसं.

"असेल," तो म्हणाला. मग खिशातून पेन काढलं. "राजमा आणू? राजमा सगळ्यांना चालतो."